छापील वेबकॉमिक संमेलनात खपले नाही, स्टिकर मात्र खपले: पुन्हा टेबल घ्यावे का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत नोकरी करतो आणि गेली चार वर्षे रात्रीच्या जेवणानंतर एक मराठी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर वाचायची चित्रकथा, काढतो. हरिपूरच्या हळदीच्या पेवांभोवती त्याची कथा फिरते. ज्यांनी पेव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो की, जमिनीखाली खोदलेले आणि वर अरुंद तोंड असलेले ते कोठार असते. त्यात हळद वर्षानुवर्षे टिकत असे, आणि २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. माझ्या कथेत एका हमालाची नात असे एक बुजवायचे राहून गेलेले पेव शोधून काढते. आतली हवा बरी आहे की नाही हे पाहण्यासाठी ती दोरीला कंदील बांधून खाली सोडते आणि खालून कोणीतरी तो कंदील अलगद धरते. कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती तिथून.

या हिवाळ्यात मुंबईतील कॉमिक्स आणि ॲनिमेच्या (जपानी ॲनिमेशनच्या) चाहत्यांच्या एका मोठ्या संमेलनात मी पहिल्यांदाच दोन दिवसांचे टेबल घेतले. कथेचे पहिले सहा भाग एकत्र करून ए-५ आकाराची, ३२ पानांची, सेंटर पिन (मधल्या घडीवर पिना) मारलेली पुस्तिका १५० प्रतींत छापून घेतली आणि तिची किंमत १५० रुपये ठेवली. त्यांतील १९ प्रती विकल्या गेल्या. कथेत एक पिवळे मांजर दोनच चौकटींत येऊन जाते, त्याचे ५० रुपयांचे स्टिकर मी केवळ टेबल भरलेले दिसावे म्हणून नेले होते, तर ते ११२ गेले. टेबलाचे भाडे, छपाई, प्रवास आणि मुक्काम मिळून सुमारे ३१,००० रुपये खर्च झाला आणि हातात ८,४५० रुपये आले.

पैशांचे दुःख आहेच, परंतु मला खरे लागले आहे ते दुसरेच. दुसऱ्या दिवशी दुपारी सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. अंगात काळा झगा आणि काखेत पुठ्ठ्याची तलवार असा त्याचा वेष होता, आणि तलवार खाली पडू नये म्हणून कोपर अंगाशी दाबून धरून तो एकेक पान उलटत होता. कंदिलाच्या पानावर तो थांबला, पान डोळ्यांजवळ नेले, मग छताच्या दिव्याकडे थोडे तिरपे करून पाहिले, पुस्तिका सरळ करून जागेवर ठेवली आणि "छान आहे" म्हणून निघून गेला. इंटरनेटवर याच प्रसंगाखाली सर्वांत जास्त प्रतिसाद आले होते. तो मुलगा त्याच ठिकाणी का थांबला आणि पुढे का वाचले नाही, हे मला अजून उमगलेले नाही. कथाच कमी पडली असेल तर पुढच्या वर्षी टेबल घेण्यात अर्थ नाही, असे वाटू लागले आहे. ज्यांनी अशा ठिकाणी टेबल मांडले आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

अजिंक्यतारा (सातारा)

तुमचे वेबकॉमिक मी पहिल्या भागापासून वाचत आलो आहे, त्यामुळे कथा कमी पडली असे मला मुळीच वाटत नाही. मी स्वतः चार वेळा अशी टेबले मांडली आहेत आणि पहिल्या दोन खेपांना माझेही असेच झाले होते. म्हणून आधी विचारतो: छपाईला संमती देण्यापूर्वी तुम्ही कागदावरचे प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना, पाहिले होते का, की फोनवर आलेली फाइल पाहून होकार कळवला होता?

हे विचारण्याचे कारण असे की, स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते आणि कागद फक्त अंगावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. तुमच्या कंदिलाच्या प्रसंगात जवळजवळ काळी पार्श्वभूमी, तिच्यात किंचित कमी काळा हात आणि मधोमध पिवळा उजेड असे आहे. फोनवर तो हात हळूहळू डोळ्यांना सापडतो आणि अंगावर काटा येतो. मॅप्लिथोसारख्या शाई शोषून घेणाऱ्या कागदावर मात्र शाईचा प्रत्येक ठिपका थोडा फुगतो. त्यामुळे ८५ टक्के काळा आणि ९५ टक्के काळा यांतील फरक बुजून जातो आणि दोन्ही मिळून एकच डाग दिसतो. त्या मुलाने पान दिव्याकडे तिरपे केले, असे तुम्ही लिहिले आहे. ज्याला कंटाळा आला आहे तो पान खाली ठेवतो, दिव्याकडे धरत नाही. तो काहीतरी शोधत होता.

दुसरी अडचण मापाची आहे. उभ्या सरकत्या कॉमिकची रुंदी बहुतेकांप्रमाणे तुम्हीही ८०० पिक्सेल ठेवली असेल, तर छपाईच्या ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने ती जेमतेम ६.८ सेंटिमीटर भरते. ए-५ पान १४.८ सेंटिमीटर रुंद असते. तेच चित्र पानभर ताणले की घनता १३७ डीपीआयपर्यंत उतरते आणि रेषा मऊ पडतात. ताणायचे टाळून दोन उभे रकाने केले तर फुग्यांतील अक्षरे इतकी बारीक होतात की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. रोमन लिपीला जेवढी जागा पुरते तेवढी देवनागरीला पुरत नाही, कारण आपली अक्षरे शिरोरेघेच्या वरही जातात आणि खालीही उतरतात. यापुढे मूळ चित्र निदान २,४०० पिक्सेल रुंद काढा आणि इंटरनेटसाठी लहान करा. उलट दिशेने हे काम होत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सरकत्या कॉमिकमध्ये उत्कंठा लांबीतून येते: दोरी खाली जात राहते, वाचकाचे बोट तिच्याबरोबर खाली जात राहते आणि त्या रिकाम्या अंधारातच त्याचा श्वास अडकतो. पुस्तकात ती लांबी नसते, तिथे पान उलटणे असते. दोरी सुटल्याचे चित्र उजव्या पानाच्या तळाशी आणि हाताचे चित्र पान उलटल्यावर समोर येणाऱ्या डाव्या, म्हणजे समसंख्येच्या, पानावर आले तरच तो धक्का बसतो. दोन्ही चित्रे समोरासमोर आली, तर पान उघडताच वाचकाच्या नजरेला दोन्ही एकदम दिसतात आणि प्रसंग तिथेच संपतो. जुन्या चौकटी कापून पानावर बसवण्यापेक्षा हे एक प्रकरण पुन्हा काढा. सेंटर पिनसाठी पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते, तेवढे सांभाळले की झाले.

राहिला टेबलाचा प्रश्न. टोकियोतील कॉमिकेट हे हौशी कॉमिककारांचे संमेलन २१ डिसेंबर १९७५ रोजी ३२ गट आणि सुमारे ७०० माणसांनिशी सुरू झाले. स्वतः काढलेल्या पुस्तिका एकमेकांना देणे हाच त्याचा हेतू होता, आणि तिथे विकणारा, घेणारा व राबणारा या सर्वांना आजही सहभागीच म्हटले जाते. आपल्याकडे दिल्लीत २०११ मध्ये सुरू झालेला मोठ्या संमेलनांचा प्रकार निराळा आहे. सिनेमा, खेळ, वेषभूषा आणि खेळणी यांची गर्दी ओलांडून माणूस चित्रकारांच्या रांगेत येतो, तोवर त्याचा खिसा बराच हलका झालेला असतो. तिथे ५० रुपयांचा स्टिकर खपतो यात तुमच्या कथेचा अपमान नाही. पुढच्या वेळी त्या स्टिकरच्या मागच्या बाजूला कथेचा दुवा आणि ते मांजर ज्या चौकटीत येते ती चौकट छापा, म्हणजे ११२ घरांत कथेचे एक टोक तरी पोहोचेल.

ताळेबंद (मिरज)

चित्रकलेतले मला कळत नाही, पण हिशेबाबद्दल दोन गोष्टी सांगतो. उरलेल्या १३१ प्रती हा तुमचा माल आहे, तो या दोन दिवसांच्या तोट्यात धरू नका. छपाईचा खर्च प्रत्येक प्रतीवर वाटा आणि संमेलनाच्या नावे फक्त भाडे, प्रवास व मुक्काम लिहा, म्हणजे पुन्हा जावे की नाही हे ठरवायला खरा आकडा समोर येईल.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, स्टिकरवर आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विक्री करताना ४० लाखांच्या मर्यादेपर्यंत तुम्हाला सहसा नोंदणी लागणार नाही. परंतु बंगळुरू किंवा दिल्लीत टेबल घ्यायचे ठरले तर आधी सीएंना विचारा, कारण परराज्यात जाऊन करपात्र माल विकताना नियम बदलतात. आणि स्टिकर खपतात म्हणून प्रसिद्ध ॲनिमेमधील पात्रे काढून विकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पात्रे दुसऱ्याच्या मालकीची आहेत. तुमचे मांजर तुमचे आहे, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे त्यासाठी वेगळी नोंदणी करण्याचीही सक्ती नाही.

कोयनामाई (कराड)

मी चित्रकार नाही. मुलाच्या हट्टामुळे दोन वर्षे अशा संमेलनांना जाते आणि यंदा बहुधा तुमच्याच संमेलनात होते, कारण पिवळ्या मांजराचा एक स्टिकर आमच्या फ्रिजवर आहे. आज हा धागा वाचून कळले की ते एका मराठी कथेतले मांजर आहे. मला याचे फार वाईट वाटले, कारण त्या सभागृहात मराठीत काही मिळते का हे मी दोन तास शोधत होते.

तुमच्या मागच्या फलकावर नाव रोमन अक्षरांत होते आणि पुस्तिका टेबलावर आडवी, गठ्ठ्यात ठेवलेली होती. चालता चालता माणसाला टेबलावरचे आडवे काही दिसत नाही, मागचे उभे तेवढे दिसते. गर्दी मुंबईची, म्हणून तुम्ही तसे केले असेल हे समजते. पण ज्यांना तुमची कथा हवी होती, त्यांच्यासाठी "हरिपूरच्या पेवातली गोष्ट" एवढे ठळक मराठीत लिहिले असते तर मी लांबूनच वळले असते. आणि थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये: तुम्ही सारा वेळ मान खाली घालून चित्र काढत होतात, त्यामुळे काही विचारावे तर तुमचा व्यत्यय होईल असे वाटले.

आपल्या जिल्ह्यांना हे नवे नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीसारख्या लहानशा ठिकाणाहून शं. वा. किर्लोस्करांनी मासिक सुरू केले, आणि ते स्वतः चित्रकार होते. ते मासिक टपालाने मराठी घराघरांत जात असे. उरलेल्या प्रतींतील एक मला पाठवाल का? पुसट असली तरी चालेल.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. अजिंक्यतारा, प्रूफ मी फोनवरच पाहिले होते. त्यातही पहिल्या वेळी छापखान्यातील संगणकावर माझ्या फाइलमधील अक्षरे फुटली आणि प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. ती दुरुस्त करण्यात, म्हणजे सगळ्या फुग्यांतील मजकुराचे आउटलाइन करून (अक्षरांचे चित्रात रूपांतर करून) पुन्हा पाठवण्यात, चार दिवस गेले आणि चित्रांकडे पाहायचे राहूनच गेले.

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर काल रात्री एक प्रत काढली आणि स्वयंपाकघरातील ट्यूबलाइटखाली त्या मुलासारखीच तिरपी धरली. हात दिसत नाही. मी काढला आहे, नेमका कुठे आहे हे मला ठाऊक आहे, तरीही दिसत नाही. कंदील मध्येच लटकला आहे आणि पुढच्या पानावर ती मुलगी कशाला तरी घाबरून पळते आहे, एवढेच कागदावर आहे. माझी गोष्ट आवडली नाही असे मी ज्याच्याबद्दल इतके दिवस समजत होतो, त्याच्या हातात ती गोष्ट मी दिलीच नव्हती.

त्या प्रकरणाची आठ पाने नव्याने काढायला घेतली आहेत. अंधार रंगाने न भरता शाईच्या उभ्या-आडव्या रेषांनी विणतो आहे, आणि उजेडासाठी व बोटांच्या कडांसाठी कागद कोराच सोडतो आहे. हात आता सहाव्या पानावर, म्हणजे पान उलटल्यावर, येतो. या वेळी आधी चाळीसच प्रती छापणार आहे आणि कागदावरचे प्रूफ हातात आल्याशिवाय होकार देणार नाही. कोयनामाई, जुनी प्रत पाठवत नाही, क्षमा असावी. नवी छापून झाली की पहिली तुम्हाला पाठवीन. पत्ता कृपया निरोपातून कळवा.

अजिंक्यतारा, आणखी एक विचारायचे आहे. या रेषांच्या कामासाठी ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅप्लिथो पुरेल, की मागच्या पानावरचे चित्र पुढे उमटेल?

अजिंक्यतारा (सातारा)

उमटेल. १०० जीएसएम घ्या, आणि पाचव्या पानाच्या तळाशी जिथे दोरी सुटते तिथे मागच्या बाजूला गडद काही येऊ देऊ नका, नाहीतर पान उलटण्याआधीच हाताची सावली दिसेल.