अनुभव धागा: दुःखातला आनंद, तुमच्याकडे कसा धरतात?

नगरकर: जय ख्रिस्त मंडळी. सकाळच्या भक्तीत बायबलमधलं स्तोत्र १३ आलं आणि सांत्वनाच्या सभा आठवल्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत ‘कुठवर?’ चार वेळा, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. लोक थेट शेवटापासून सुरुवात करतात, तिथेच फसतं. आधी तक्रार नाव घेऊन मांडायची. कर्ज तर कर्ज, गाठ तर गाठ. मग एकच मागणं. पाचव्या वचनाशी घसा दाटला तर थांबा, उद्या पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडे काय करतात, लिहा.

वसईची लेक: ८८वं पण सांगा ना. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. ज्याला गाणं म्हणवतच नाही त्याच्यासाठी.

पहाटवारा: मयताच्या घरी याकोबाच्या पत्रातलं १:२, ‘परीक्षा आल्या तर आनंदच माना’, वाचू नका हो!! तिथला मूळ ग्रीक शब्द ‘माना, गणा’ असा आहे, हिशेबाचा. आनंद वाटलाच पाहिजे असं तो म्हणत नाही. आणि तो हिशेब ज्याचा त्याने करायचा, शेजाऱ्याने नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. रोमकरांस १२:१५ पुरे, रडणाऱ्यांबरोबर रडा.

टाळपेटी: गाण्याचं सांगतो. बायबलमधले प्रचारक पौल आणि सीला फटके खाऊन, तुरुंगात, पाय खोड्यात, मध्यरात्री गात होते. आजाऱ्याच्या खोलीत पट्टी उतरवा, चर्चमध्ये पेटीची काळी दोन तर घरी पांढरी एक. ढोलकी नको. दोनच कडवी, तीही त्याला पाठ असलेली. पुस्तक हातात दिलं की बिचारा अक्षरं शोधत बसतो. धाप लागत असेल तर नुसते ओठ हलले तरी गाणं झालं.

केडगावची: पंडिता रमाबाई. १९२१ला लेक मनोरमा गेली, एकुलती एक. बायबलच्या मराठी अनुवादाचं काम बाईंनी सोडलं नाही. एप्रिल १९२२मध्ये स्वतः गेल्या.

वसईची लेक: ईस्टरआधीचा उपवासकाळ ४० दिवसांचा ना? राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजा, ४६ भरतात. सहा रविवार धरत नाहीत, रविवार पुनरुत्थानाचा. त्यातला चौथा तर आनंदाचाच, फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात, वेदीवर फुलं चालतात. ऐन दुःखसहनाच्या काळात!

नगरकर: ताई, आमच्या मंडळीत हे नाही. पाळकसाहेबांच्या कानावर घालतो.

चूलबाई: थोडं वेगळं. दुःखाच्या घरी पहिल्या दिवशी दहा डबे, पाचव्या दिवशी एकही नाही. वार वाटून घ्या. डब्यावर चिकटपट्टीने नाव लावा, नाहीतर ती माणसं डबे परत करण्यातच दमतात.

टाळपेटी: केमो चालू असेल तर फोडणीचा वास नको वाटतो.

चूलबाई: हो, मग पेज. मूठभर तांदूळ, पाच-सहा वाट्या पाणी, दाणा फुटेपर्यंत. मीठ पुडीत वेगळं.

केडगावची: कण्या चालतील?

चूलबाई: उलट लवकर शिजतात. ढवळत राहा, बुडाला लागतात.