लीचियानस गेको घरी आणलाय, नऊ दिवस झाले काहीच खात नाहीये

दगडफूल

नमस्कार मंडळी, जरा घाबरूनच लिहितेय. आम्ही शिकागोच्या जवळ राहतो. नऊ दिवसांपूर्वी एक लीचियानस गेको घरी आणला, गेको म्हणजे पालीचाच प्रकार, पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचा तो सगळ्यात मोठा गेको. नर आहे, सहा वर्षांचा. आधीच्या मालकाला नोकरीसाठी देश सोडायचा होता म्हणून त्याने टँकसकट आम्हाला दिला. नाकापासून शेपटीपर्यंत 33 सेंमी, आणला त्या दिवशी वजन 262 ग्रॅम. अंगावरचा रंग अगदी गोडा मसाल्यातल्या दगडफुलासारखा आहे म्हणून मुलाने नाव ठेवलंय दगडू.

पण दगडू खातच नाही हो. पावडरचं खाणं कालवून रोज बशीत तळाशी ठेवते, सकाळी जसंच्या तसं वाळलेलं असतं. केळं कुस्करून दिलं, नाही. सहा रातकिडे सोडले तेही नाही, ते अजून टँकमध्येच फिरतायत. थंडी आहे आणि हा उष्ण बेटावरचा प्राणी म्हणून दुकानात विचारून हीट लॅम्प आणला, आता दिव्याखाली 93 फॅरनहाइट दाखवतं आणि खाली 84. ह्युमिडिटी 30 च्या आसपास, कारण घरात हीटिंग दिवसभर चालू असतं. माणसाळावा म्हणून रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं बाहेर काढून हातावर घेतो आम्ही, पण हात आत घातला की तोंड उघडून अंगावर येतो, आणि रात्री दोनला कुत्र्याच्या पिल्लासारखं भुंकतो, मधेच गुरगुरतो. काल तर मला वाटलं कुठेतरी दुखतंय त्याला.

अजून एक, कातडी अगदी सैल, घड्या घड्या पडलेली आणि शेपूट एवढीशीच आहे, तुटलेली वाटते. पाणी कमी पडलंय का अंगात? नेटवर वाचावं तर दहा जण दहा गोष्टी सांगतात. मार्चमध्ये आई येतेय सांगलीहून चार महिने, तिला पालीची प्रचंड भीती, त्याचंही टेन्शन आहे पण ते नंतर बघू. आधी हा जगला पाहिजे.

निशाचर

ताई, सगळ्यात आधी तो दिवा बंद करा, आत्ता, बाकीचं नंतर वाचा.

झाला बंद? आता सांगतो. न्यू कॅलेडोनिया नकाशात उष्ण कटिबंधात दिसतं म्हणून सगळ्यांचा हाच गैरसमज होतो, पण हे गेको राहतात दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या ढोलीत, दिवसा सावलीत आणि ओलाव्यात झोपून. आपल्याकडच्या पालीसारखे तापलेल्या भिंतीवर बसणारे नव्हेत. तिकडच्या हिवाळ्यात रात्री 20 सेल्सिअसच्या खाली उतरतं आणि त्याला काही होत नाही. त्यांना दिवसा 75 ते 79 फॅरनहाइट आणि रात्री 68-70 पुरतं, म्हणजे तुमच्या घरातलं नेहमीचं तापमानच जवळपास. 82-83 च्या वर सतत राहिलं की त्यांना त्रास व्हायला लागतो, खाणं बंद हे पहिलं लक्षण. तुमचा दगडू थंडीने नाही, उकाड्याने उपाशी आहे असं मला वाटतंय.

दुसरं ह्युमिडिटी. 30 फार कमी आहे. रात्री दिवे मालवायच्या आधी टँक चांगला फवारून घ्या, 75-80 पर्यंत जाऊ दे, मग दिवसभरात हळूहळू 55-60 पर्यंत उतरू दे. सतत चिंब ठेवू नका, बुरशी धरते आणि छातीचा त्रास होतो. वरची जाळी उघडी असेल तर अर्धीअधिक झाका, सगळा ओलावा तिथूनच जातो. आमच्याकडेही हिवाळ्यात हीटिंगने हेच व्हायचं, मी जाळीवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवला आणि खोलीत छोटा ह्युमिडिफायर, तेव्हा कुठे जमलं. फवारलेले थेंब काचेवरून चाटून पाणी पितात ते, बशीतलं पितीलच असं नाही.

कातडी सैल असणं हे त्यांचं जन्मजात आहे, आणि शेपूट त्यांची आखूडच असते, तुटली तरी परत येते. पाणी कमी पडलंय का ते डोळ्यांवरून बघा, खोल गेलेत का, आणि तोंडातली लाळ चिकट तार धरते का. रातकिडे आजच्या आज बाहेर काढा, दिवसा गेको झोपला की त्याची बोटं कुरतडतात.

अंबोलीचा_पाऊस

निशाचर यांच्याशी पूर्ण सहमत, फक्त हातात घेण्याबद्दल थोडं बोलायचंय कारण मला वाटतं खरा घोळ तिथे आहे.

माझ्याकडे मादी आहे, आठ वर्षं झाली. आणली तेव्हा मीही हेच केलं होतं, रोज बाहेर काढून गोंजारायचं, आणि ती तीन आठवडे उपाशी राहिली. हा प्राणी एकटा राहणारा, स्वतःच्या जागेचा फार कट्टर. त्याच्या दृष्टीने बघा, एका रात्रीत घर, वास, आवाज सगळं बदललं आणि वर रोज संध्याकाळी कोणीतरी ओढून बाहेर काढतंय, मग तो भुंकणारच ना. आवाजाचं मात्र घाबरू नका, लीचियानस बोलका असतो, भुंकणं, गुरगुरणं, शीळ घातल्यासारखे आवाज सगळे काढतो. दुखतंय म्हणून नाही, ही जागा माझी आहे असं सांगतोय. निदान दोन आठवडे हात लावू नका. टँकच्या तीन बाजूंना कागद लावा, आत कॉर्कच्या सालीची जाड नळी उभी किंवा तिरपी ठेवा, अशी की त्याचं अख्खं अंग आत घट्ट बसेल, अंगाला दोन्हीकडून साल टेकली की त्याला सुरक्षित वाटतं. मोकळी मोठी गुहा नको.

आणि बशी तळाशी का ठेवताय? तो झाडावरचा प्राणी आहे, बशी वर ठेवा, नळीच्या तोंडाशी, दिवे गेल्यावर. पावडरचं खाणं पँजिया, रेपाशी ज्या कुठल्या ब्रँडचं असेल ते, पाणी थोडं जास्त घालून सॉससारखं पातळ करा. आधीचा मालक कुठलं आणि कोणत्या चवीचं देत होता ते त्याला मेसेज करून विचाराच, ही पोरं चवीची फार हट्टी असतात. नुसतं केळं मात्र नको, त्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस जास्त, चटक लागली तर हाडं मऊ पडतात.

माती सध्या काढून पेपर टॉवेल अंथरा म्हणजे शी कशी होते ते दिसेल. एका आठवड्यात ताजी शी डबीत भरून एक्झॉटिक्स (पाली-सापांसारखे वेगळे पाळीव प्राणी) बघणाऱ्या व्हेटकडे परजीवी तपासायला द्या, हे टाळू नका. आणि वजन. आठवड्यातून एकदाच, डब्यासकट, किचनच्या काट्यावर (तो काटा मग स्वयंपाकाला वापरू नका). एवढ्या मोठ्या नराला दोन आठवडे न खाल्ल्याने धोका नसतो, पण 262 चं 236 च्या खाली आलं, म्हणजे दहा टक्के गेलं, तर थांबू नका.

कोथरूडकर

मधेच विचारतोय, असा गेको पुण्यात मिळतो का? एक जण टोके गेको देतो म्हणतोय, निळसर अंगावर केशरी ठिपके, फोटो भारी आहेत.

निशाचर

कोथरूडकर, अजिबात घेऊ नका. टोके आपल्याच देशातला वन्यप्राणी आहे, ईशान्येकडच्या जंगलातला, बंगालीत त्याला तक्षक म्हणतात. वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, पकडणं, विकणं, घरी ठेवणं सगळाच गुन्हा. औषध होतं म्हणून खोट्या समजुतीपायी तो हजारोंनी मारला गेलाय, 2019 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये घ्यावा लागला. त्या माणसाकडचा पकडून आणलेला असणार. परदेशी जातींचं सुद्धा आता भारतात बरंच नोंदणीचं काम आहे, आधी वनविभागात विचारा आणि मगच पुढचं. मला खरंच मनापासून वाटतं की जंगलातून ओढून आणलेला प्राणी कितीही सुंदर असला तरी आपल्या दिवाणखान्यात शोभत नाही.

दगडफूल

सगळ्यांचे मनापासून आभार, पाच दिवसांनी लिहितेय.

दिवा त्याच रात्री बंद केला. आता दिवसा 76 आणि रात्री 69, फवारल्यावर ह्युमिडिटी 78 ला जाते. रातकिडे सगळे पकडले, सहावा सापडायला एक तास गेला. कॉर्कची नळी आणली, पहिल्याच रात्री आत जाऊन बसला, फक्त नाक बाहेर. आधीच्या मालकाने सांगितलं की तो अंजिराच्या चवीचंच खायचा आणि तेही मी देत होते त्याच्या दुप्पट पातळ. मला आधीच विचारायला हवं होतं.

चौथ्या सकाळी बशीत जिभेच्या रेघा दिसल्या. मुलगा शाळेत जायच्या आधी बूट घालून परत वर पळत गेला बघायला. काल रात्री मी अंधारात लांब बसून बघितलं, नळीतून अर्धा बाहेर आला, बराच वेळ हलला नाही, मग चाटायला लागला आणि मधेच थांबून स्वतःचा डोळा चाटला. पापणी नसते ना त्यांना. शीही झाली, उद्या व्हेटकडे देतेय. वजन 251.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली मी हॉटेलात राहीन, आणि आज सकाळी तिनेच विचारलं, खाल्लं का गं त्याने? तर एकच विचारायचंय, टँक आत्ता गेस्ट रूममध्ये आहे, मार्चमध्ये ती खोली आईला द्यायची, म्हणजे तेव्हा परत जागा बदलावी लागेल. आत्ताच हलवू की नीट खायला लागल्यावर?

अंबोलीचा_पाऊस

आत्ता नको. तीन-चार आठवडे सलग खाऊ दे, वजन परत 260 च्या आसपास येऊ दे, मग नळीसकट, तो आत झोपलेला असताना भर दुपारी हलवा. नवीन जागी खिडकीचं थेट ऊन येत नाही ना ते आधी आठवडाभर थर्मामीटर ठेवून बघा. आणि हलवल्यावर परत दोन-चार दिवस खाल्लं नाही तर घाबरू नका.