कोल्हापूरच्या राजारामपुरीत वरच्या मजल्यावर अभ्यासिका: एसी किती टनाचा?

टेरेसखाली: ५५ चौरस मीटरचा हॉल, २५ मुलं, वर थेट आरसीसी स्लॅब, त्यावर जुना कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट-चुन्याचा थर). कंत्राटदार म्हणतो, ऊन दरवर्षी वाढतंय, सरळ ५ टनी डक्टेबल (नळीतून गार हवा सोडणारा मोठा एसी) बसवा. पटण्यासारखं आहे का? पावसाळ्यात आत ओल धरते ती वेगळीच.

स्लॅबसावली: आधी स्लॅबचा बंदोबस्त करा, भावा. उघड्या १५० मिमी स्लॅबची यू-व्हॅल्यू (दर चौरस मीटरमधून, दर अंश फरकाला किती वॅट उष्णता आत येते ते) ३.३ च्या आसपास असते. उन्हामुळे छताच्या बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा ३० अंशांनी जास्त धरलं, तर ३.३ × ५५ × ३० म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोवॅट. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा दीड टन नुसत्या छतातून! वर ५० मिमी एक्सपीएस (घट्ट फोमच्या शीट) घातलं की यू ०.५ वर येते, छतातून येणारा उष्णतेचा भार ०.८ किलोवॅट.
क्रम चुकवू नका: वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल (जाड कापडी थर), उताराचा थर, चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सची फरशी). साधा थर्माकोल नको, पाणी पितो. आतून फॉल्स सीलिंगवर इन्सुलेशन केलंत तर स्लॅब तापत-निवत राहतो आणि वॉटरप्रूफिंगला चिरा पडतात.

दमटहवा: छत झाकल्यावर माणसं, भिंती, खिडक्या, ताजी हवा धरून भार साधारण ८ किलोवॅट, म्हणजे सव्वादोन टन. दीड-दीड टनाचे दोन इन्व्हर्टर एसी बसवा. ५ टनाचं मशिन जुलैत घात करतं: बाहेर २४-२५ अंशच, खोली पटकन गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि एसीतल्या गार कॉइलवर जमलेलं पाणी पंखा परत हवेत सोडतो. यानेही भिंतींना बुरशी येऊ शकते. त्या दिवसांत कमी मुलं असली की एकच मशिन चालवा.
२५ जणांना सेकंदाला साधारण ८० लिटर ताजी हवा लागते; पावसाळ्यात तिच्यातूनच तासाला दोन-अडीच लिटर पाणी आत येतं. म्हणून तिचा पंखा हॉल रिकामा असताना बंद ठेवा.

टेरेसखाली: पण पुढे उन्हाळा आणखी २ अंशांनी वाढला तर?

स्लॅबसावली: भिंती आणि ताजी हवा मिळून भार अर्धा किलोवॅटही वाढत नाही. ३ टनांत तो आरामात बसतो. वाढत्या उन्हाची तजवीज छतात करायची, मशिनच्या आकारात नाही. आउटडोअर युनिट मात्र मोकळ्यावर ठेवा. इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये (पाइपांच्या बोळात) कोंबलंत तर स्वतःचीच गरम हवा ओढतं.

दमटहवा: जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवू नका. १०० मिमी कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या घरात जातो, तुमच्या छतावर ११ टन वजन. जुना कोबा पोकळ वाजत असेल तर काढा. शाबूत असेल तर त्यावर एक्सपीएस आणि ४०-५० मिमीचाच थर, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून.