जाड झालेला हार्टचा पडदा: ऑपरेशन का अल्कोहोलचं इंजेक्शन?

पंचगंगाकाठ:
आमच्या थोरल्या दादाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी निघालीय, वय ४६. डाव्या कप्प्याची भिंत १५ मिमी झाली की हा आजार धरतात, दादाचा दोन कप्प्यांच्या मधला पडदा २१ आहे. जोतिबाच्या पायऱ्या सोडाच, बिंदू चौकातनं अंबाबाईच्या देवळापर्यंत चालला तरी दम लागतोय, मागं एकदा चक्कर येऊन पडला पण. एकोत (हार्टची सोनोग्राफी) ग्रेडियंट, म्हणजे जाड पडद्यानं रक्ताच्या वाटेत जो अडथळा केलाय त्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, निवांत असताना ३८ आणि श्वास रोखून जोर लावायला सांगितलं की ८५. मेटोप्रोलॉल, ही ठोके मंद करायची गोळी, सोसतंय तेवढं दिलंय, आणखी वाढवलं की नाडी लईच खाली येते. डॉक्टर म्हणाले ५० च्या वर ग्रेडियंट आणि गोळ्या असून त्रास, म्हणजे आता पडद्याचं काहीतरी करावं लागणार. माझं मत ओपन हार्ट करून वाढलेलं मांस कापून काढायचं, म्हणजे मायेक्टॉमी. १९६० च्या दशकापासून करतायत, फरक लगेच पडतो आणि मायट्रल व्हॉल्व्ह पडद्याकडं ओढला जाऊन जी गळती होतेय ती पण त्याच वेळी बघता येते. वहिनी आणि काका छाती उघडायची म्हटलं की नकोच म्हणतायत.

पेठेतला:
वहिनींचं बरोबर आहे भावा. माझ्या मामांचं अल्कोहोल अब्लेशन झालंय. अँजिओसारखीच तार घालतात, पडद्याला रक्त देणाऱ्या बारक्या शिरेत १ ते ३ मिली शुद्ध अल्कोहोल सोडतात, तेवढाच तुकडा मरतो आणि पुढच्या काही महिन्यांत पातळ होतो. १९९४ पासून चाललंय, प्रयोग नाही हा. मामा आठवड्याभरात घरी आले, उसाची तोड चालू होती तर बांधावर जाऊन उभे पण राहिले. ओपन हार्टवाला माणूस छातीचं हाड जुळेपर्यंत पाण्याची बादली उचलत नाही.

पंचगंगाकाठ:
मामा ७० च्या पुढचे असतील तर मी पण हेच म्हटलं असतं. दादापुढं अजून तीस-चाळीस वर्षं आहेत. अल्कोहोलनं हार्टच्या वायरिंगला धक्का बसून दहातल्या एखाद्याला पेसमेकर लागतो, आणि ती शीर नेमकी जाड भागालाच जात नसेल तर ते करताच येत नाही. मायेक्टॉमीत चांगल्या हातात मृत्यूचा धोका १ टक्क्याच्या आत आहे.

पेठेतला:
चांगल्या हातात, तिथंच तर अडतंय की! बायपास आपल्या कोल्हापुरात रोज होतात पण हे काम वेगळं आहे, महाधमनीच्या व्हॉल्व्हमधनं आत बघून कापायचं, कमी कापलं तर अडथळा तसाच आणि जास्त कापलं तर पडद्याला भोक. सर्जनला सरळ विचारा वर्षाला अशी किती करता, आणि उत्तर गोलगोल आलं तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढा आणि मुंबईत दाखवा. ते जमणार नसेल तर अब्लेशनच बरं.

एकोवाली ताई:
मी एको करते, रोज हे बघते. दोघंही तिसरा रस्ता विसरलाय. मावाकॅम्टेन नावाची गोळी आहे, अमेरिकेत २०२२ ला मंजूर झाली, हार्टचं स्नायू जे जास्त जोरानं आवळतंय तो जोरच ती कमी करते. पण पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली गेलं की थांबवावी लागते म्हणून परत परत एको, आणि ॲसिडिटीची ओमेप्राझोल आपण चहासारखी घेतो ती पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालत नाही. महाग आहे आणि घेत राहावी लागते, तरी ऑपरेशनच्या आधी विचारायला काय हरकत आहे? आणि एक, हात जोडून सांगते, छातीत दुखलं म्हणून शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट, ती रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका, या आजारात अडथळा वाढून माणूस कोसळू शकतो. जुलाब-उलट्या, उन्हात पाणी कमी पडणं यानंपण तसंच होतं.

कसबा बावडा:
तुम्ही सगळे दमाच्या मागं लागलाय, चक्कर आलेली कुणी धरलीच नाही. पडदा पातळ केला म्हणून अचानक जायचा धोका संपला असं नसतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? होल्टर, ते दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र, लावलं का? आयसीडी, म्हणजे ठोके धोक्याचे झाले की आतनंच शॉक देणारं यंत्र, बसवायचं का हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आधी.

पंचगंगाकाठ:
आमचे आजोबा चाळिशीत गुऱ्हाळावर काम करता करता गेले, अटॅक म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. होल्टर पुढच्या आठवड्यात आहे.

कसबा बावडा:
मग डॉक्टरांना हे पहिलं सांगा. आणि तुम्ही सख्खे भाऊ, तुमचा स्वतःचा एको झाला का? दादाच्या प्रत्येक पोराला जीनमधला हा दोष यायची शक्यता निम्मी असते.

करवीरकर काका:
पोरांचं कशाला काढता? काही त्रास नाही त्यांना. रिपोर्टवर नाव आलं की भावकीत बोंबाबोंब, उद्या पोरीचं लग्न कोण जमवणार. थोरला मुलगा शाहू स्टेडियमवर पेठेकडनं फुटबॉल खेळतोय, त्याच्या डोक्यात कशाला भूत घालायचं.

एकोवाली ताई:
काका, राग मानू नका, पण तो पळतोय म्हणूनच आधी त्याचा एको. या आजारात पहिलं लक्षण कधीकधी मैदानावरच दिसतं आणि तेव्हा वेळ गेलेली असते. एको-ईसीजी साधे असतात, सुई पण टोचत नाही. नॉर्मल आला तरी काही वर्षांनी परत बघायचा, कारण जाडी वयात आल्यावर पण वाढते. आणि निघालं म्हणजे खेळ कायमचा बंद असंही आता नाही, २०२४ च्या अमेरिकन गाईडलाईनमध्ये हलका-मध्यम व्यायाम चांगलाच म्हटलाय, स्पर्धेचं तज्ज्ञांशी बसून ठरवायचं. लग्नाचं म्हणाल तर लपवून लावलेल्या लग्नात पोरीनं बाळंतपणात काय करायचं?

पेठेतला:
ताईंशी सहमत. अब्लेशनवरनं मात्र मी हललो नाही.

पंचगंगाकाठ:
मीपण मायेक्टॉमीवरनं हललो नाही. दादाच्या दोन्ही पोरांचा आणि माझा एको शनिवारी करून घेतो, काका तुम्हीपण चला, आजोबा तुमचेच वडील होते.