मदत हवी आहे: बुद्धिबळाच्या बर्लिन बचावात वजीर गेल्यावर जिंकायचं कसं?

प्यादेपांडू: कास्पारोव्ह-क्रामनिक, जगज्जेतेपदाचा सामना, लंडन २०००, बर्लिनचा (काळ्याची एक बचावाची सुरुवात) डाव. आठव्या चालीला वजिरावजिरी, काळ्याचं कॅसलिंग (किल्लेकोट) गेलं, वर सी-पट्टीत दुहेरी प्यादी. तरी बरोबरी! स्टॉकफिश (बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम) पांढऱ्याला जरा बरं दाखवतो, पण पुढे काय ते कळत नाही. इथून जिंकतात कसं? रविवारी स्पर्धा आहे, लवकर सांगा.

अडीचघर: कुठला डाव? त्या सामन्यात बर्लिन चारदा आलं: १, ३, ९ आणि १३. चारही बरोबरीत.

प्यादेपांडू: २५ चालींचा. शोधलं असतं तर सापडलं असतं.

अडीचघर: म्हणजे पहिला. तेरावा १४ चालींतच आटोपला. आणि शोधायचं मी का?

उंटावरचा शहाणा: वजीर मारू देताच कशाला? चौथ्या चालीला डी३ खेळा. मी चार वर्षं तेच खेळतोय.

तिरकी चाल: डी३ म्हणजे पळपुटेपणा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चाराला तीन प्यादी आहेत. मोहरी मारून संपवा, नुसती प्यादी उरली की डाव पांढऱ्याचा.

अडीचघर: काळा मारू देईल तेव्हा ना! प्यादं ई५ला गेलं की एफ५ घर काळ्याला आंदण. शिवाय पांढऱ्या घरांतला उंट तुम्ही सी६वर देऊन बसलेले, काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत.

जुना पट: १९९५ला न्यूयॉर्कमध्ये आनंद-कास्पारोव्हचे पहिले आठही डाव बरोबरीत सुटले होते. नववा आनंदने मारला! पेपरातल्या चाली बघून आम्ही पट मांडायचो. तेव्हा कुठलं स्टॉकफिश.

चिंगीची आई: मुलगी सात वर्षांची आहे. पट लाकडी घ्यावा की गुंडाळायचा?

जुना पट: गुंडाळायचा. लाकडी पटाची मोहरी सोफ्याखाली जातात.

तिरकी चाल: गुंडाळायच्या पटाची जात नाहीत का?

प्यादेपांडू: अहो, मी काळ्याने खेळतो!

उंटावरचा शहाणा: हे आत्ता सांगताय?

अडीचघर: मग उदाहरणच चुकलं. क्रामनिकने बर्लिन जिंकायला काढलंच नव्हतं. दुसरा आणि दहावा डाव त्याने पांढऱ्याने जिंकला, काळ्याने नुसतं थोपवलं. साडेआठ-साडेसहा. तुम्हाला बरोबरी चालेल का?

प्यादेपांडू: नाही. पंधरा मिनिटांचे डाव आहेत, जिंकावंच लागेल.

तिरकी चाल: मग सिसिलियन बचाव खेळा.

प्यादेपांडू: ते येत असतं तर इथे आलो असतो का?