शार्कवालं मोठं अ‍ॅक्वेरियम, सोबत लहान मुलगा आणि आई – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात मोठं अ‍ॅक्वेरियम बघायला जातोय, ते बोगद्यातून चालायचं आणि डोक्यावरून शार्क जातात तसलं. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई. मागे एकदा दुसरीकडे गेलो होतो तेव्हा पार बट्ट्याबोळ झाला म्हणून आधीच विचारतोय.

भर दुपारी पोचलो, माशांपेक्षा लोकांची डोकीच जास्त दिसली, आणि बोगद्यात शिरतो न शिरतो तोच एक सँड टायगर शार्क समोरून आला, त्याचे दात तोंड मिटलं तरी बाहेरच, पोरगं जे माझ्या पायाला चिकटलं ते बाहेर पडेपर्यंत सुटलं नाही. तो शार्क तसा शांत असतो हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं, कपाळ!

आई कमानीखाली दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली जमीन हलतेय. फोटोंचं तर बोलूच नका, सगळ्यांत माझाच पांढरा शर्ट आणि मागे कुठेतरी पाकटाची शेपटी.

तर कधी जावं, काय आधी बघावं? आणि शार्क बाकीच्या माशांना खात का नाहीत? मुलगा रोज विचारतो, मी पोट भरलेलं असतं म्हणून वेळ मारून नेलीये.

प्रतिसाद १
बरोबर सांगितलंत की! वेळच्या वेळी खायला घालतात म्हणून, तरी अधूनमधून एखादा मासा गट्टम होतोच, हे मुलाला सांगू नका. टाकीची ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक (जाड पारदर्शक प्लास्टिक) असतं, जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी अ‍ॅक्वेरियममध्ये तर 60 सेंटिमीटर जाड आहे. बोगद्यात ते गोलाकार, पलीकडे पाणी, प्रकाश वळतो आणि मासा असतो एकीकडे दिसतो भलतीकडे, डोळ्यांचा हिशोब चुकतो. आईंना सपाट मोठ्या टाकीसमोर बसवा, तिथे त्रास कमी होईल.

मुलाला आधी नर्स शार्क दाखवा. तो तळाशी नुसता लोळत असतो, तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो त्यामुळे श्वासासाठी पोहत राहावं लागत नाही. मग सँड टायगर, तो वर येऊन हवा गिळतो म्हणून एका जागी तरंगतो, हे कळलं की दातांकडे लक्ष कमी जातं. (आमच्या पुतण्यावर चाललंय.)

उघडायच्या वेळीच जा. गडद कपडे, फ्लॅश बंद, मोबाईल अ‍ॅक्रिलिकला टेकवून फोटो.

धागाकर्ता
खूप आभार! टेकवलेलं चालतं का पण? मागे टकटक केली म्हणून कुणालातरी झापत होते.

प्रतिसाद १
टेकवणं वेगळं, टकटक वेगळी. अलगद टेकवा, मोबाईलचं कव्हर रबरी असलं तर उत्तम, चरा पडत नाही.

धागाकर्ता
ओके. आईला वाचून दाखवलं, म्हणते मला बाकावर बसवून विसरून जाऊ नका म्हणजे झालं. अजून एक, शार्कना खायला घालतात ते बघायला मुलाला न्यावं की पहिल्या खेपेला नकोच?