वाटलं ते खोडू नका, ओळ दाखवा

एका विद्यार्थ्याने लिहिलंय की नेमलेल्या कथेतल्या आईचं मौन त्याला क्रूर वाटलं. पण ‘हा त्याग आहे’ असं वर्गात ऐकल्यावर त्याने उत्तर बदललं. मला ते फार खटकलं. अभ्यास सुरू व्हायचा तो त्या वाटण्यापासूनच!

केंब्रिजमध्ये इंग्रज साहित्यसमीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या आणि त्यांच्या लेखी अभिप्रायांवरचा अभ्यास १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. ठरावीक साच्यातल्या भावना आणि स्वतःच्या असंबद्ध आठवणी, दोन्ही वाचकाला मजकुरापासून दूर नेतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. ‘आई म्हणजे त्याग’ हाही साचाच की.

म्हणून त्या मित्राला सांगेन: आई नेमकी कुठे गप्प बसते, तेव्हा समोर कोण असतं, तिच्या गप्प राहण्याने कुणाचं काय बिघडतं, हे ओळींसकट लिही. (निवेदक त्या क्षणी तिच्या मनात डोकावू देतो का, हे मी सर्वांत आधी बघते.) मत टिकलं तर ठामपणे मांड. बदललं, तर कोणत्या ओळीमुळे बदललं तेही उत्तरात येऊ दे.